नसलेला साकव

पुण्यातल्या ‘भूदर्शक’ या नकाशासेवेकडे रोज वीस हजार तक्रारी येत आणि जवळजवळ सगळ्या यंत्रणाच परस्पर निकालात काढी. तक्रार माणसाच्या नजरेपर्यंत पोचायची, तर एकाच व्यक्तीने ती पाच वेळा करावी लागे. एवढी चिकाटी पुण्यात कुणाकडे नसते. इथला माणूस दुसऱ्या नकारानंतर वर्तमानपत्राला पत्र लिहितो आणि शांत झोपतो. त्यामुळे २०५१ सालच्या जुलैमध्ये, एका सकाळी साडेदहा वाजता, तक्रार क्रमांक ८०४४१७ पडद्यावर आली तेव्हा प्रमुख पडताळक शर्मिष्ठा लोटलीकर यांना आधी कौतुकच वाटलं.

‘काळंबी नदीवर कासारदांडाखाली तुम्ही साकव दाखवला आहे. तिथे साकव नाही. कधीच नव्हता. कृपा करून काढून टाका. तुमच्या नकाशामुळे आमचा अर्ज दर साली परत येतो. — सगुणा येडगे, अंगणवाडी सेविका, कासारदांड धनगरवाडा.’

खाली यंत्रणेचा शेरा होता: ‘अमान्य. सातही स्रोत सहमत. भरवसा ९९.६.’

सगळं जग वापरत होतं तो एक मोठा नकाशा बारा वर्षांपूर्वी महाग झाला आणि मग बंदच पडला, तेव्हा त्याची जागा घ्यायला सात पर्यायी नकाशे पुढे आले. कुणी जुनी उपग्रहचित्रं फुकट दाखवी, कुणी रडारची, एक गिर्यारोहकांनी मिळून केलेला होता, एक शेतसाऱ्याच्या नोंदींवरून. प्रत्येकात काहीतरी उणं होतं. शर्मिष्ठाबाईंनी ते सातही एकावर एक ठेवले आणि त्याला नाव दिलं सहमतीपट. सातांपैकी पाच जण जे सांगतील ते ठळक शाईत. कल्पना साधी होती आणि चालली. पुढे टपाल, रुग्णवाहिका, आपत्ती कक्ष, सगळेच त्यावर विसंबू लागले. शर्मिष्ठाबाईंना त्याचा अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

ही तक्रारही त्या खाली ढकलणार होत्या. पण साकवाचं नाव दिसावं म्हणून त्यांनी चित्र जरा मोठं केलं आणि त्यांचा हात जागीच थांबला.

‘बापट साकव’ असं तिथे लिहिलं होतं.

तेवीस वर्षांपूर्वी शर्मिष्ठाबाई ‘मुद्रा नकाशे’ नावाच्या लहानशा कंपनीत पर्यटकांसाठी नकाशे काढत. तिथे एक रिवाज होता. नकाशा पूर्ण झाला, की काढणाऱ्याने त्यात एक लटकी गोष्ट घालायची. एखादी नसलेली विहीर, एखादी कुठेच न जाणारी पायवाट. दुसऱ्या कुणी नकाशा चोरला तर ती लटकी गोष्टही त्याच्याकडे जाई आणि चोरी पकडता येई. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून लावतात तसं ते गालबोट, म्हणून कंपनीत त्याला गालबोटच म्हणत. सगळ्या गालबोटांची यादी एका बंद पाकिटात मालकांच्या, म्हणजे बापटांच्या, कपाटात असे. बापटांनी आयुष्यात मुळा-मुठेशिवाय दुसरं पाणी ओलांडलं नव्हतं, तेही बसमधून. म्हणून एकोणतीस वर्षांच्या शर्मिष्ठेने सह्याद्रीतल्या एका आडवळणाच्या नदीवर अडतीस मीटरचा पादचारी पूल काढला आणि त्याला त्यांचं नाव दिलं. कोण जातंय तिथे, म्हणून सगळे चहा पिता पिता हसले होते. पुढे कंपनी विकली गेली, बापट वारले, आणि कपाट पाकिटासकट भंगारात गेलं.

शर्मिष्ठाबाईंनी दार लावून घेतलं आणि डॉ. आबिद मणेर यांना बोलावलं. आबिद मूळचा मिरजेचा, वयाने त्यांच्यापेक्षा बारा वर्षांनी लहान, उपग्रहचित्रांचा जाणकार. आदराने बोलायचा, पण तोंडावर गोड बोलायची त्याला सवय नव्हती.

“मला हा साकव दाखव,” त्या म्हणाल्या. “नकाशा नको. चित्र दाखव.”

आबिदने चित्र आणलं. खोल, काळपट हिरवी दरी, तिच्या तळाशी गढूळ पाण्याचा पट्टा आणि त्यावर आडवा साकव. दोन दगडी खांब, लोखंडी कठडा. पाण्यावर त्याची सावलीसुद्धा पडली होती.

“चांगला आहे की,” आबिद म्हणाला. “आणि हे बघा, पंचेचाळीस साली कठडा बदललेला दिसतोय.”

“आबिद, हा साकव अस्तित्वात नाही.”

“कशावरून?”

“मी काढलाय तो. पेन्सिलीने.”

मग त्यांनी त्याला सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याने सातही नकाशांचे जुने थर एकेक करून उघडले, आणि अर्ध्या तासाने खुर्ची मागे सरकवली.

“तुमची कंपनी विकली गेली, तेव्हा नकाशा पहिल्याने विकत घेतला. दुसऱ्याने पहिल्याचा उचलला. गिर्यारोहकांनी दुसऱ्यावरून नावं घेतली. चौथ्याने गिर्यारोहकांवर विश्वास ठेवला. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, त्यातली गत.”

“ते नकाशांचं झालं. पण उपग्रहाला तर डोळे आहेत!”

“होते,” आबिद म्हणाला. “ताई, उपग्रह आता पूर्ण चित्र पाठवतच नाही. ते फार जड होतं. खाली आपल्याजवळ जे चित्र आहे, त्याच्याशी ताडून तो फक्त फरक पाठवतो. कासारदांडाची दरी अरुंद. वर झाडांची छत्री, सहा महिने ढग, उरलेले सहा महिने सावली. फरक आहे असं छातीठोक सांगण्याइतकं स्पष्ट दिसलं नाही, की तो गप्प बसतो. मग उरलेलं चित्र खालचं यंत्र स्वतःच भरून काढतं. आम्ही त्याला पूरणचित्र म्हणतो. यंत्राला नकाशाने सांगितलं की इथे साकव आहे. त्याने साकव कसे असतात ते आठवून एक काढला. सूर्य कुठे आहे ते बघून सावली टाकली. दहा-पंधरा वर्षांत कठडा गंजतो हे त्याला ठाऊक आहे, म्हणून पंचेचाळीस साली नवा बसवला.”

“आणि नकाशे पुन्हा त्या चित्राशी ताडून बघतात.”

“आणि म्हणतात, बरोबर आहे. दर वर्षी भरवसा थोडा वाढतो.”

“सात साक्षीदार,” शर्मिष्ठाबाई म्हणाल्या.

“साक्षीदार एकच. तुम्ही.”

शर्मिष्ठाबाईंना शरम वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. एकट्या माणसाच्या शब्दावर सहमतीपटात बदल करायचा नाही, हा नियम क्रमांक नऊ त्यांनीच लिहिला होता. त्याला कारणही तसंच घडलं होतं. एका बड्या असामीने गायरान बळकावण्यासाठी नकाशात रातोरात देऊळ उभं केलं होतं. तेव्हापासून माणसाचा शब्द म्हणजे एक स्रोत, मग तो माणूस कुणीही असो. नियमाला मोठा अपवाद एकच होता, तो म्हणजे चाल. एखाद्याच्या खिशातला फोन साकवाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेल्याची नोंद झाली, तर ती सगळ्या स्रोतांहून वरचढ. कारण माणूस हवेतून चालत नाही.

“पण कुणीच ओलांडला नाही याची नोंद?” आबिदने विचारलं.

“ती धरत नाही. आडबाजूला कुणी जात नाही म्हणून पूल नाही असं कसं म्हणायचं? मीच तसं लिहिलंय.”

सव्वाअकराला त्यांनी तक्रारीतल्या क्रमांकावर फोन लावला. पलीकडे पाऊस धो धो कोसळत होता.

“पुण्यासनं का?” सगुणा येडगेंचा आवाज आला. “आवं, पाच डाव लिवलं तवा फोन आला. बरं झालं बगा. त्यो साकव काडा तेवढा. सायबाकडं गेलं की साहेब म्हणतोय, तुमच्याकडं साकव हाय की, दुसरा कशाला पायजे? मी म्हणते, चला, दावा मला. तर म्हणतोय, ह्यो बगा, फोटू हाय.”

“तुम्ही कुठे आहात आता?”

“वाड्यावरच. जायाचं कुटं? मागल्या डोंगराला कालधरनं भेग पडलीया, हात जातोय आत. सरकारनं खुट्टी रोवलीया तितं, तिचा दिवा पिवळा हाय. तांबडा झाला की निगायचं, असं सांगितलंय.”

“निघायचं म्हणजे कुठून?”

“त्येच की! साकवावरनं. चाळीस मिन्टात पल्याडच्या शाळंत पोचताय म्हणं. नदी तर दुथडी वाहतीया. दुसरी वाट वरच्या धारंवरनं, पाच तासांची. तेवीस माणसं हाव. त्यात चार म्हातारी, सहा पोरं. आता निगालो तर सांजंपतूर पोचू. तुमी सांगा बाई, निगू का?”

आबिदने मान जोरात हलवून हो म्हटलं. शर्मिष्ठाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली. निघा म्हणायचं, तर का निघा हे सांगावं लागणार होतं.

“थोडं थांबा,” त्या म्हणाल्या. “मी तासाभरात नकाशा दुरुस्त करते. साकव नाही हे कळलं, की आपत्ती कक्ष तुमच्यासाठी हेलिकॉप्टर पाठवेल. म्हाताऱ्या माणसांना एवढं चालवायचं कशाला?”

“बरं,” सगुणा म्हणाली. “तुमी मोठ्या हापिसातल्या. तुमाला कळतंय.”

फोन ठेवल्यावर आबिद म्हणाला, “ताई, हे चुकलं. वाडा सोडायचा आदेश कधी निघतो ठाऊक आहे ना? बाहेर पडायला जितका वेळ लागतो, दरडीच्या तितकाच आधी. साकव आहे म्हणून यंत्रणा चाळीस मिनिटं धरून चाललीय. साकव नसता तर तिने त्यांना केव्हाच हलवलं असतं.”

“म्हणूनच आधी साकव काढायला हवा.”

नकाशा दुरुस्त झाला की जग दुरुस्त होतं, ही नकाशेवाल्यांची जुनी अंधश्रद्धा आहे. शर्मिष्ठाबाई त्यातच वाढल्या होत्या. शिवाय दुरुस्ती गुपचूप झाली असती, तर बापट साकवाची कहाणी आबिदखेरीज कुणालाच कळली नसती. हा दुसरा विचार त्यांनी मनाशीसुद्धा धड कबूल केला नाही.

पुढचे दोन तास त्या यंत्रणेशी झुंजल्या. स्वतःच्या अधिकारात दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं: एकच स्रोत, अमान्य. सातही स्रोत मुळात एकच आहेत, असा अर्ज केला. यंत्रणेने सातही साकव ताडून पाहिले. एकात खांब दोन होते, एकात तीन, एकात कठडा लाकडी. नक्कल असती तर ते सारखे असते, म्हणून स्रोत स्वतंत्र आहेत असा तिने निर्वाळा दिला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शर्मिष्ठाबाईंनी हीच कसोटी एका परिषदेत मोठ्या टाळ्यांत मांडली होती.

“सव्वा वाजला,” आबिद म्हणाला. “आता तुम्ही सांगता, की मी सांगू?”

त्यांनी विभागीय आपत्ती कक्षाला फोन लावला. तिथले अधिकारी रणवरे दोन रात्री झोपले नव्हते, तरी नीट बोलले. त्यांनी सगळी कबुली शांतपणे ऐकून घेतली.

“मॅडम, माझा तुमच्यावर विश्वास आहे,” ते म्हणाले. “पण माझ्याकडे दोन हेलिकॉप्टर आहेत आणि अकरा गावं. ज्यांना वाटच नाही, ती गावं आधी. तुमच्या वाड्याला साकव आहे, पलीकडच्या शाळेतल्या निवाऱ्यापाशी चालकविरहित बस उभी आहे. मी क्रम बदलायला गेलो, तर यंत्रणा मला पुरावा मागते. तुमचाच नियम आहे ना, नऊ नंबर?”

“मी लेखी देते. सहीनिशी.”

“द्या. मी वर पाठवतो. अर्ध्या तासात बघू.”

त्यांनी लिहून दिलं. मग पुन्हा सगुणाला फोन केला आणि काहीही न लपवता सांगितलं, की साकव मी काढला होता, गंमत म्हणून. हेलिकॉप्टरचा भरवसा नाही. आत्ताच्या आत्ता वरच्या वाटेने निघा.



“तुमी काडला?” सगुणा म्हणाली. “म्हंजी एवढी सालं आमचा अर्ज तुमच्यापायी परत येतोय व्हय? माझ्या जावंला सातव्या म्हैन्यात डोलीत घालून वरच्या वाटंनं न्हेली. रक्त थांबंना. वाटंतच गेली ती. साकव असता तर दवाखाना तासावर हुता.”

“सगुणाताई, मी...”

“आनि मघाशी इच्यारलं तवा का थांबा म्हनलासा? दोन तास झालं की ओ. दोन तासांत आमी धार चडून गेलो असतो.”

शर्मिष्ठाबाई रडायला लागल्या.

“रडू नगासा. ठेवा फोन,” सगुणा म्हणाली. “माणसं गोळा करायची हायती मला.”

प्रमुख पडताळकाला आपत्ती कक्षाचा थर पाहता येत असे. त्यात वाड्यावरचे तेवीस फोन तेवीस हिरव्या ठिपक्यांसारखे दिसत होते. लहान मुलांच्या गळ्यातही सरकारने शोध-ताईत बांधले होते, म्हणून पोरंसुद्धा त्यात होती. पावणेदोनला ठिपके हलले. एकामागोमाग एक, सावकाश, वरच्या धारेच्या दिशेने. आबिद उभा राहून बघत होता.

एक वाजून बावन्न मिनिटांनी भेगेपाशी रोवलेल्या खुट्टीचा दिवा तांबडा झाला. सगळ्या फोनांवर आदेश गेला: ‘साकवावरून बाहेर पडा.’ ठिपक्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते चढतच राहिले. पडद्याच्या कोपऱ्यात इशारा आला: ‘प्रवासी चुकीच्या मार्गावर.’

“चला, चला,” शर्मिष्ठाबाई पडद्याला म्हणत होत्या. “अजून थोडं.”

दोन वाजून सहा मिनिटांनी, यंत्रणेच्या अंदाजाच्या बऱ्याच आधी, खुट्टीचा संदेश बंद झाला. त्याच क्षणी तेवीसही ठिपके वळले. ते उतारावरून खाली आले, साकवाच्या वाटेला लागले, साकव ओलांडला आणि पलीकडच्या काठावर जाऊन थांबले. या सगळ्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

पडद्यावर हिरव्या अक्षरांत ओळ आली: ‘२३ प्रवासी योग्य मार्गावर परतले. साकव ओलांडला. पैलतीरी पोचले. जीवितहानी शून्य.’

“परत का फिरले?” शर्मिष्ठाबाईंनी विचारलं. “आणि इतक्या लवकर?”

आबिद खाली बसला. दरीत फोनचा ठावठिकाणा पन्नास-साठ मीटर इकडेतिकडे दिसतो. म्हणून यंत्रणा प्रत्येक ठिपका जवळच्या वाटेवर नेऊन बसवते. माणूस वाटेनेच चालतो असं ती गृहीत धरते. अशक्य वाटणारा वेग आला, तर संदेशातला दोष म्हणून तो सोडून देते. याला वाटजोड म्हणत. आबिदने वाटजोड काढून टाकली आणि मूळ ठिपके समोर आणले.

ते रांगेत नव्हते. साऱ्या उतारभर पंख्यासारखे पसरले होते. वेग ताशी सत्तर किलोमीटर होता. नदी त्यांनी साकवाच्या दोन्ही बाजूंना, शंभर मीटर रुंदीत, एकाच वेळी ओलांडली होती. दरड नदीत थांबली नव्हती. अरुंद पात्र भरून ती समोरच्या काठावर चढली होती, आणि तिच्यात होतं ते सगळं घेऊन चढली होती.

“ताई,” आबिद म्हणाला, “ही माणसं चालत नव्हती.”

शर्मिष्ठाबाईंनी रणवऱ्यांना फोन केला. त्यांनी काही बोलण्याआधीच पलीकडून सुटकेचा आवाज आला.

“बघा मॅडम! उगाच घाबरवलंत. दरड कोसळली खरी, पण तेवीसच्या तेवीस आधी पार झाले. सकाळपासून पहिली चांगली बातमी.”

“ते पार झालेले नाहीत. दरडीने वाहून नेलंय त्यांना. ते पलीकडच्या काठावर चिखलाखाली आहेत. रणवरे, माझं ऐका, काही जण अजून जिवंत असतील. वरच्या थरात असतील. माणसं पाठवा, कुत्री पाठवा.”

रणवरे वाईट माणूस नव्हते.

“मॅडम, तुम्ही म्हणालात साकव नाही. तो तुमचा एकटीचा शब्द होता. तरीही मी कागद वर पाठवला. पण आता तेवीस जणांची चाल आहे. तेवीस जण तो ओलांडून गेलेत. सात नकाशे आणि तेवीस माणसं एका बाजूला आहेत. मी वरिष्ठांना काय सांगू?”

“सांगा की वाटजोड चुकतेय! आबिद मणेर तुम्हाला मूळ ठिपके पाठवतोय.”

“पाठवा. तज्ज्ञ समिती उद्या सकाळी बसेल. आत्ता माझ्या दोन्ही हेलिकॉप्टरांखाली छपरांवर माणसं उभी आहेत, हो. दिसताहेत मला. जे सुखरूप दाखवताहेत, त्यांच्यासाठी मी ती कशी वळवू? तुम्हीच सांगा.”

‘भूदर्शक’ असंच चालावं म्हणून शर्मिष्ठाबाईंनीच उमेदीची बारा वर्षं घातली होती.

आबिदने गाडी काढली. जायला सहा तास, रस्ते खुले असले तर. कुणीतरी जाऊन फोटो काढला, तर नोंदणीकृत पडताळकाचा प्रत्यक्ष पुरावा म्हणून तो धरला जाईल, असा एक उपनियम होता. शर्मिष्ठाबाई त्याच्या शेजारी बसून सगुणाचा क्रमांक पुन्हा पुन्हा लावत होत्या. घंटा वाजत होती. प्रत्येक वेळी पूर्ण वाजून बंद होत होती. चिखलाखाली कुठेतरी ती कुणाला ऐकू येत असेल का, हा विचार डोक्यात आला आणि तो घालवता येईना. लावावा की न लावावा तेही कळेना. शेवटी त्या लावतच राहिल्या.

मांडीवरच्या संगणक-पाटीवर तेवीस ठिपके अजून हिरवे होते. शेजारी निवाऱ्यावरच्या बसची नोंद दिसत होती: ‘प्रवासी विश्रांती घेत आहेत. प्रतीक्षेची मुदत वाढवली.’ साताऱ्याच्या अलीकडे एक ठिपका विझला, मग आणखी दोन. त्यांच्यापुढे लिहून आलं: ‘प्रवाशाने फोन बंद केला.’

“तिने मला विचारलं होतं,” शर्मिष्ठाबाई म्हणाल्या. “निगू का, असं विचारलं होतं. मी हो म्हटलं असतं तर...”

“ताई, आता नको.”

“नाही, मला बोलू दे. साकव मी गमतीत काढला, ते एक वेळ माफ होईल. पण थांबा म्हणाले, ते माझं नाव वाचवायला.”

पुढे वाहनांची रांग लागली होती. घाटात दगड आल्यामुळे रस्ता बंद झाल्याचं कुणीतरी काच ठोठावून सांगून गेलं. पाच वाजत आले होते.

पाटीवर एक नवा संदेश आला. पाच वेळा आलेल्या तक्रारीचा अंतिम निर्णय तक्रारदाराला पाठवताना त्याची प्रत प्रमुख पडताळकाला जात असे, तशी ती आली होती. शर्मिष्ठाबाईंनी तो वाचला आणि पाटी आबिदच्या हातात दिली.

‘श्रीमती सगुणा येडगे यांस. आपली तक्रार क्रमांक ८०४४१७ निकाली काढण्यात येत आहे. कारण: आज दुपारी २ वाजून ७ मिनिटांनी आपण स्वतः सदर साकव ओलांडल्याची नोंद प्राप्त झाली आहे. साकव कायम. भरवसा १००.’

खाली, प्रत्येक निर्णयाखाली असते तशी, यंत्रणेने सही उमटवली होती: शर्मिष्ठा लोटलीकर, प्रमुख पडताळक.